गुरांच्या जुन्या दवाखान्यातून

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले, तेव्हा दवाखाना मांडायला त्यांना गुरांच्या दवाखान्याची जागा मिळाली, आणि तीही वापरातून गेलेली. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा तर कोनशिला, उद्घाटक, देणगीदारांची यादी आणि इमारतीचे छायाचित्र यांपासून सुरुवात करायची आपली रीत आहे. इथे ती सोय नाही. जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची पहिली वास्तू बैलांना आणि म्हशींना औषध पाजण्यासाठी बांधलेली होती, आणि मला विचाराल तर या इतिहासात इमारतींना त्याहून मोठे स्थान द्यायचे कारण नाही.

जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्वेकडचा तालुका. पलीकडे बीड जिल्ह्यातले आष्टी आणि पाटोदा. अहिल्यादेवी होळकरांचे चौंडी याच तालुक्यात आहे, आणि 1795 साली मराठ्यांनी निजामाला हरवले ते खर्डेही इथलेच. इतिहास असा थोर असला तरी पाऊस बेताचा. पावसाने डोळे वटारले की ज्वारी हातची जाते आणि माणसे बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीला निघतात. जिल्ह्याचे गाव पाऊणशे किलोमीटरवर. अडलेली बाळंतीण किंवा आचके देणारे मूल घेऊन एवढे अंतर तोडायचे म्हणजे काय, हे त्या भागातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवते.

रजनीकांत याच जिल्ह्यातले, शिक्षक आईवडिलांच्या पोटी जन्मलेले. मेबल इमॅन्युएल वाढल्या जबलपूरला. त्यांचे वडील धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवत. दोघांची गाठ पडली ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. 1960 साली त्यांचे लग्न झाले आणि त्या वेळी दोघांनी मिळून एक व्रत घेतले: उरलेले आयुष्य खेड्यांतल्या तळच्या माणसांसाठी वेचायचे.

वेल्लोरमध्ये शिकलेल्यांना असे व्रत घेण्याचे फार कौतुक नसते. ती संस्थाच तशा एका रात्रीतून जन्मली. आयडा स्कडर ही मिशनऱ्याची मुलगी आजारी आईला भेटायला अमेरिकेहून तमिळ मुलखात आली होती, इथे राहायचे नाही असे ठरवूनच. एका रात्री तीन घरचे पुरुष पाठोपाठ तिच्या दारात आले. तिघांच्याही बायका अडल्या होत्या आणि पुरुष डॉक्टर कुणालाच चालणार नव्हता. आयडाला वैद्यकीचा गंध नव्हता. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. ती परत गेली, डॉक्टर झाली, 1900 साली वेल्लोरला आली आणि 1918 मध्ये तिने मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. मुलांना तिथे प्रवेश मिळाला तो 1947 पासून. म्हणजे रजनीकांत शिकले ते मुळात बायकांसाठी उघडलेल्या वर्गात. पुढे जामखेडला जे घडले ते पाहता मला हे नुसते योगायोगाचे वाटत नाही.

आता व्रताबद्दल थोडे. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून दर 31 डिसेंबरच्या रात्री उपासना होते. बारा वाजायच्या सुमारास डोळे मिटून सगळे जण संकल्प सोडतात: यंदा आजाऱ्यांना भेटू, विधवांची विचारपूस करू, वस्तीतल्या मुलांसाठी शाब्बाथ शाळा चालवू. मग चहा होतो. संक्रांतीपर्यंत त्यातले किती टिकते ते पाळकसाहेबांना ठाऊक असते, पण ते बोलत नाहीत. मीही त्याच बाकावर बसतो, तेव्हा हा टोमणा मलाही लागू आहे. आरोळे दांपत्याच्या व्रतात वेगळे काय होते, हे शोधायला मी बसलो तेव्हा वाटले होते की त्यांचा निश्चय आपल्यापेक्षा पक्का असेल. तो होताच. पण खरी गोष्ट दुसरीकडे सापडली. त्यांचे बेत एकामागून एक फसले आणि दर वेळी त्यांनी बेत बदलला.

पहिला बेत फसला तो वडाळ्याला. नेवासे तालुक्यातले वडाळा हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. हे मिशन 1831 पासून नगर जिल्ह्यात आहे. शाळा, वसतिगृहे, दवाखाने, देवळे हा सगळा पसारा त्याचा. तिथल्या मिशन दवाखान्यात हे दोघे रुजू झाले. रोगी रांगा लावत, शस्त्रक्रिया होत, नाव झाले. कुठल्याही अहवालात शोभेल असे काम चालले होते. पण बरे होऊन घरी गेलेले मूल दोन-तीन महिन्यांनी तेच जुलाब घेऊन परत येई, आणि एखादे परत येतच नसे. बहुतेक आजार असे होते की ते मुळात व्हायलाच नकोत: गढूळ पाणी, अपुरे अन्न, न टोचलेली लस, विळ्याने कापलेली नाळ. दवाखान्याच्या चार भिंतींत बसून कितीही राबले तरी गावात फरक पडत नव्हता, आणि दाराशी येऊ शकत नव्हते ते तर हिशेबातच नव्हते.

मिशनच्या आवारात राहून हे कबूल करणे सोपे नव्हते. सोयीची नोकरी, मान, आपली माणसे हे सगळे होते. ते सोडून दोघे अमेरिकेला गेले आणि पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे त्यांना कार्ल टेलर गुरू लाभले. टेलरही भारतातच जन्मलेले, मिशनरी घरातले. पंजाबात नारंगवालला त्यांनी खेड्यांतल्या आरोग्यावर मोठे काम केले होते. जामखेडचा आराखडा कागदावर उतरला तो या शिक्षणाच्या काळात.

परत आल्यावर त्यांनी जिथे मिशनचे आवार नव्हते असा तालुका निवडला. गावच्या पुढाऱ्यांशी आधी बोलणी केली, तुम्ही बोलावलेत तर येऊ म्हणाले. जागा मिळाली ती वर सांगितलेली. पैशाचा काही भाग चर्चेसच्या जागतिक परिषदेच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाच्या मदतीने उभा राहिला. हा आयोग तेव्हा नुकताच, 1968 साली, स्थापन झाला होता, आणि मिशनची मोठमोठी इस्पितळे गरिबांच्या आरोग्यासाठी नेमके काय करतात हा अडचणीचा प्रश्न विचारत होता.

दुसरा बेत दुष्काळाने मोडला. दोघे गावोगाव आरोग्याचे सांगायला गेले तेव्हा लोकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, डॉक्टरसाहेब, ते राहू द्या, आधी प्यायच्या पाण्याचे आणि पोराबाळांच्या तोंडात घालायच्या घासाचे बघा. 1972 चा तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सुकडी, खडी फोडण्याची कामे आणि लाल मिलो हे शब्द पुरेत. आरोग्याचे तज्ज्ञ म्हणून आलेल्या माणसांनी लसीचे खोके बाजूला ठेवले आणि कूपनलिका खोदायला घेतल्या. गावोगाव मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. रांधायला गावातलीच माणसे, आणि पंगतीला सगळ्या वस्त्यांतली मुले.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. गावात हातपंप बसणार म्हटल्यावर तो कुठे बसणार हे तेव्हा सांगावे लागत नसे. पाटलाच्या वाड्यासमोर किंवा देवळाच्या पारापाशी. मग दलितवस्तीतल्या बाईने लांब उभे राहून कुणीतरी वरून ओतण्याची वाट बघायची. डॉ. आरोळ्यांनी भूजल शोधणाऱ्या तज्ज्ञाशी आधीच संधान बांधले आणि खोदाईच्या खुणा दलितवस्तीत करवल्या. पाणी तिथे लागते म्हटल्यावर गावाचा इलाज उरला नाही. दुष्काळात हंडा घेऊन सगळ्यांनाच त्या पंपावर जावे लागले. जातीवर व्याख्यान दिले असते तर लोक उठून गेले असते. ही थोडी लबाडी झाली हे खरे, आणि ख्रिस्ती सेवकाईच्या पुस्तकात ती कुठल्या प्रकरणात बसते हे मला सांगता येणार नाही. मला मात्र ती फार आवडते.

(त्याच दुष्काळी पट्ट्यात, शेजारच्या मराठवाड्यात, जालन्याला चर्चच्याच माणसांनी न मोडणारा हातपंप घडवायचा खटाटोप चालवला होता. तो जालना पंप, नंतरचा सोलापूर पंप, आणि त्यांवरून पुढे देशभर बसलेला इंडिया मार्क टू. ती वेगळी हकीकत आहे, पण कुणीतरी मराठीत नीट लिहायला हवी.)

पुरुषांना जमवणे आणखी अवघड. आरोग्याची सभा म्हटली की पाराखालची मंडळी पांगत. तेव्हा डॉक्टरांनी गावागावात व्हॉलीबॉलची जाळी बांधली. खेळायला पोरे आली, खेळ संपल्यावर घाम पुसत बसली, आणि बोलणे बी-बियाणे, बंधारे, झाडे यांवरून मुलांच्या वजनापर्यंत आले. यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. बायकांची महिला मंडळे मागाहून झाली आणि पुढे निघून गेली.

तिसरा बेत फसला तो मात्र सगळ्यांत मोलाचा. कागदावरच्या आराखड्यात गावोगाव शिकलेली नर्स राहणार होती. नर्सबाई आल्या. शहरात वाढलेल्या, कोवळ्या वयाच्या, एकट्या मुली. त्यांना खेड्यात रात्री दार लावून झोपायची भीती, आणि गावकऱ्यांना त्यांचे बोलणे, वागणे परके. चार मुलांच्या आईला बाळंतपणाचे चार शब्द सांगायला बिनलग्नाची पोर आली, तर ती तिचे कशाला ऐकेल? नर्सबाई टिकेनात. तेव्हा गावातूनच सूचना आली: आमच्यातलीच एखादी बाई शिकवा की.

वाचताना हे सोपे वाटते. पण ती सूचना मान्य करायची म्हणजे दोन डॉक्टरांनी, तेही वेल्लोर आणि हॉपकिन्सच्या पदव्यांच्या डॉक्टरांनी, आपली विद्या सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या बाईच्या हाती द्यायची. गावाने निवडून पाठवल्या त्या बायका बहुतेक निरक्षर. अनेक जणी दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. नाव विचारले तर नवऱ्याचे किंवा पोराचे नाव सांगत आणि पदर तोंडावर धरत. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामी येत. शिकवणे पाठांतराचे, गाण्याचे आणि करून बघण्याचे. मेबलबाईंचा यात मोठा हात होता. त्या बायकांना आधी स्वतःबद्दल बोलायला लावत, औषधाचा धडा मागून येई.

आणि शिकवायचे होते तरी काय? बाळंतिणीचे पहिल्या तीन दिवसांचे चिकाचे दूध पिळून टाकू नका, ते बाळाला पाजा. नाळ कापायला उकळलेले पाते घ्या, दोरा उकळा, वर राख की शेण लावू नका. म्हणजे धनुर्वात होणार नाही. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडू नका. तांब्याभर उकळलेल्या पाण्यात मूठभर साखर आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ घालून घोट घोट पाजा. गरोदर बाईने पोट भरून जेवायचे. मूल मोठे होईल आणि अडेल म्हणून तिला उपाशी ठेवायची नाही. तुळईला काटा टांगून झोळीत मूल घालायचे आणि वजन बघायचे. यात शंभर खाटांचे इस्पितळ लागावे असे काहीही नव्हते. लागत होती ती त्याच आळीत राहणारी, सासूच्या रागापुढे ठाम उभी राहील अशी एक बाई. पहिल्या वर्षी तिचे कुणी ऐकत नसे. मग तिच्या हातून एखादे सुकलेले पोर वाचे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात शेजारीण येई.

या कामाला पगार नव्हता. पोटासाठी त्यांनी छोटे धंदे केले. शेळ्या पाळल्या, काही विकले. ज्या बाईला कालपर्यंत पाण्याला हात लावू देत नसत, तिच्या हातून सवर्ण घरातली सून बाळंत होऊ लागली. गावात हे पचले आणि काही ठिकाणी पचले नाही. शिकलेल्या डॉक्टरांपैकीही अनेकांना पटले नाही. निरक्षर बाईच्या हाती औषध, हे त्यांना धोक्याचे वाटे.

या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ 1988 साली अमेरिकेत वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्याच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात मोठी झुंबरे होती. त्यांनी पिशवीतून दोन साध्या वातीच्या दिवल्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावरून दुसरी. झुंबर दिसायला देखणे, पण महाग, आणि आमच्या घरापर्यंत येत नाही. मी या दिवलीसारखी आहे, असा त्यांच्या बोलण्याचा मतलब होता. समोर बसलेले सगळे झुंबरवाले होते, आणि सांगतात की ते उठून उभे राहिले.

आकड्यांकडे एकदा पाहून घेऊ. 1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे 176 मुले वर्षाच्या आत दगावत होती. 1993 पर्यंत हा आकडा 19 वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली लोकांच्या हातातल्या आरोग्याविषयी जो ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचे प्रकरण होते. 1978 च्या सप्टेंबरात आल्मा-आताच्या परिषदेत सगळ्यांसाठी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, तेव्हा जगातल्या मोजक्या जित्या उदाहरणांत जामखेडचे नाव होते. पुढच्याच वर्षी दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1990 साली डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. मेबलबाई पुढे युनिसेफसाठी दक्षिण आशियात सल्लागार होत्या. दोघांनी मिळून जामखेडची हकीकत इंग्रजीत ग्रंथरूपाने लिहिली, ती 1994 साली निघाली. ती मराठीत कधीच घराघरांत पोचली नाही, याचे मला वाईट वाटते. परदेशांतून डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले आणि गावच्या बाईसमोर सतरंजीवर बसून टिपणे घेऊ लागले.

कुष्ठरोगाबद्दलही लिहायलाच हवे. कुष्ठरोग्यांसाठी गावाबाहेर वेगळी वसाहत काढायची, ही मिशनांची जुनी आणि मायेची रीत. जामखेडला तसे केले नाही. कुष्ठरोगी त्याच रांगेत, त्याच बाकावर, तापाच्या रोग्याशेजारी बसला, आणि उपचार घेऊन आपल्याच घरी राहिला. गावची आरोग्यसेविका त्याच्या घरी चहा प्यायली की निम्मे काम झालेले असे. तसेच जयपूर फूटचे. पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पाय बनवण्याचे काम जामखेडलाच सुरू झाले आणि ते शिकून घेतले फारसे शाळेत न गेलेल्या स्थानिक माणसांनी.

मंडळीत एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: एवढे केले, पण किती जण ख्रिस्ती झाले? विचारणारी माणसे वाईट नसतात. पण औषधाच्या बदल्यात धर्म हा सौदा जामखेडला नव्हताच. आरोग्यसेविका हिंदू होत्या, मुसलमान होत्या, आणि त्यांनी तसेच राहून काम केले. दोघा डॉक्टरांची श्रद्धा लपलेली नव्हती. प्रार्थना होत असे, आणि तुम्ही हे का करता असे विचारले तर ते येशूचे नाव घेत. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या माणसाला शोमरोन्याने तेल-द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि वर दोन नाणी दिली. त्याने त्या माणसाचा धर्म विचारल्याचे मला तरी त्यात कुठे सापडत नाही.

मेबलबाई 1999 च्या सप्टेंबरात गेल्या. डॉ. रजनीकांत 2011 च्या मे महिन्यात गेले. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी कामाची सूत्रे हाती घेतली. दरम्यान 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या: गावातलीच बाई, गावासाठी. कल्पना ओळखीची आहे. मात्र सरकारी नियमात शिक्षणाची अट आठवीपर्यंतची होती. जामखेडच्या पहिल्या फळीतल्या बहुतेक जणींचा अर्ज त्या अटीवर खिडकीतूनच परत आला असता.

एक गोष्ट राहिली. ती सुरुवातीच्या वर्षांतली. बायका शिकायला जामखेडला मुक्कामी येत तेव्हा दिवसभर एका खोलीत बसत, पण जेवताना आणि झोपताना फळी पडे. सवर्ण बाई आपले अंथरूण भिंतीकडे ओढून घेई, दलित बाई न सांगता दाराकडे सरके. यावर कुणाला काही बोलायचे नाही असे ठरले. मग एक भली मोठी गोधडी शिवली गेली, सगळ्या जणी मावतील एवढी. माणशी वेगळे पांघरूण मिळेना. पहिल्या रात्री काही जणी कडेला, अंगावर नुसता पदर घेऊन, बसून राहिल्या असतील. जामखेडच्या माळावर पौष-माघात पहाटेचा गारवा हाडांत शिरतो. कडेच्या बाईनेही केव्हातरी गोधडीचे टोक उचलले असेल.